पाणी प्यायलात का?

बायको ब्रिस्बेनला गेल्यापासून दोरसामीच्या घरात सकाळ ही नुसती उरकायची गोष्ट झाली होती. उजाडायच्या आत उठायचं, गॅसवर चहाचं आधण चढवायचं, रात्रीच्या रोट्या तव्यावर परतायच्या आणि तोवर ओट्याला पाठ टेकून उभं राहायचं. खुर्चीत बसलं की पुन्हा उठवत नसे. कित्येक हंगाम उसाच्या ट्रकवर काढलेली कंबर. ती सकाळी लवकर ताळ्यावर येत नाही. डोकंही जड असे, कारण आदल्या संध्याकाळी शेजारी सकीउसाच्या पडवीत ग्रोगच्या करवंट्या झालेल्याच असत. यांगोनाची मुळी कुटून पाण्यात कालवलेलं ते मातकट पेय माणसाला भांडायला लावत नाही की गायला लावत नाही. अंग सैल करतं, जीभ बधिर करतं आणि सकाळी छातीवर ओल्या गोणपाटासारखं पडून राहतं.

चहा उकळायला लागला की फोन वाजे.

"उठलात?"

"उठलो."

"पाणी प्यायलात का?"

"प्यायलो."

"पेलाभर? उपाशीपोटी?"

"पेलाभर, उपाशीपोटी. पोरं कशी आहेत?"

तिकडचं घड्याळ दोन तास मागे. इंद्रावती काळोखातच जागी असायची. जुळ्या नातवंडांपैकी एकाला बाटली पाजून, खांद्यावर घेऊन, खोलीत येरझारा घालत ती बोले, म्हणून तिचा आवाज कायम दबका. पोरं कशी आहेत याचं उत्तर रोज एकच असे. एक झोपलं की दुसरं उठतं. मग ती म्हणे, "बरं, ठेवते. जपून चालवा." फोन बंद व्हायचा आणि दोरसामी कपातल्या चहाचा पुढचा घोट घ्यायचा. 'प्यायलो' म्हणताना त्याच्या हातात तो चहाचाच कप असे.

या पाण्याच्या प्रश्नामागे दोन वर्षांपूर्वीचा मुतखडा होता. तेव्हा दोरसामी अंगणात गुरासारखा लोळला होता, आणि लबासाच्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी खडा पडल्यावर त्याला सांगितलं होतं की बाबा रे, पाणी पी. दिवसभर पी, आणि निदान सकाळी उठल्याउठल्या, चहाच्या आधी, एक मोठा पेला तरी पी. तिथून सुरुवात कर. ते ऐकून दोरसामी निमूट मान हलवून घरी आला होता. इंद्रावतीने मात्र ते मनावर घेतलं. दुसऱ्या दिवसापासून ती पेला त्याच्या हातात द्यायची आणि कमरेवर हात ठेवून समोर उभी राहायची. पेला रिकामा झाल्याशिवाय चहा नाही. त्यात त्याचं कर्तृत्व काही नव्हतं. सवय तिची होती. फेब्रुवारीत लेकीच्या बाळंतपणासाठी ती विमानात बसली आणि सवयही तिच्याबरोबर गेली.

उपाशीपोटी पाणी घशाखाली उतरवायचं म्हटलं की त्याला मळमळे. पण खरी अडचण पुढे होती. हंगामात ऊस घेऊन निघालेला ट्रक कारखान्याच्या रांगेत उभा राहिला की कधी सुटेल सांगता येत नाही. रांग मुंगीच्या पावलाने सरकते. ड्रायव्हर खाली उतरून कुठे आडोशाला गेला आणि नेमकी तेव्हाच रांग हलली, की मागचा भोंगा वाजवतो, शिव्या घालतो आणि पुढे घुसतो. शिवाय आडोसा तरी कुठला? रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोकांची घरं. अंगणात बायका कपडे वाळत घालतायत, म्हाताऱ्या भाजी निवडतायत. पन्नाशी उलटलेल्या माणसाने त्यांच्या कुंपणाशी उभं राहायचं? त्यापेक्षा कोरडं राहिलेलं बरं. रांगेतले जवळजवळ सगळेच ड्रायव्हर असे कोरडे राहायचे. काळा गोड चहा, बिस्किटं, विडी, आणि संध्याकाळी घरी गेल्यावर ग्रोग.

"पाणी पितोच की आपण," सकीउसा म्हणायचा. "ग्रोग काय रॉकेलमध्ये कालवतात?"

सकीउसा आडव्या अंगाचा, मोठ्याने हसणारा काईवीती, म्हणजे या बेटांवरच्या मूळ लोकांपैकी. शेजारच्याच वाडीत वाढलेला, त्यामुळे दोरसामीची बोली त्याच्यासारखीच बोलायचा, शिव्या तर जरा जास्तच सफाईने द्यायचा. दोघांचे ट्रक बहुतेक दिवशी एकामागे एक निघत. तो दोरसामीला दादा म्हणे आणि अरेतुरे करी.

ऑगस्टमधल्या त्या दिवशी वारा पडला होता. ट्रकची केबिन तापून भट्टी झाली होती आणि मागच्या उसाचा आंबूस वास काचा उघड्या ठेवल्या तरी जात नव्हता. सकाळपासून दोरसामीने दोन कप चहा घेतला होता. दुपारी त्याच्या उजव्या कुशीत काहीतरी टोचल्यासारखं झालं. गॅस असेल म्हणून त्याने सीटवर कूस बदलली. रांग दोन ट्रक पुढे गेली. त्याने गिअर टाकला, ट्रक सरकवला, ब्रेक दाबला, आणि तेवढ्यात बरगडीखालून जांघेपर्यंत कुणीतरी तापलेली सळई फिरवावी तशी कळ गेली. त्याने स्टिअरिंगवर डोकं टेकलं. ओकारी आली ती त्याने दार उघडून रस्त्यावर केली. मग त्याला आपण खाली कसे आलो ते कळलं नाही. डांबर गालाला भाजत होतं एवढंच कळलं.

"दादा! ए दादा!" सकीउसाचा आवाज डोक्यावरून आला. "अरे उचला रे याला कुणी! बघत काय उभे राहिलात, तमाशा आहे का?"

"माझा ट्रक," दोरसामी म्हणाला.

"खड्ड्यात गेला तुझा ट्रक."

"नंबर जाईल, सकी."

"जीव चाललाय आणि याला नंबर पडलाय!" सकीउसाने त्याला पोत्यासारखं उचललं, समोरून येणारी एक व्हॅन हात करून थांबवली आणि आत घातलं. स्वतःचा ट्रक त्याने तसाच सोडला. त्या दिवशी रांगेतल्या पोरांनी दोघांचेही ट्रक पुढे नेले, काट्यावर घातले आणि रिकामे करून इस्पितळाबाहेर आणून लावले. एकमेकांच्या नावाने भोंगे वाजवणारी तीच पोरं.

इस्पितळात इंजेक्शनने कळ थांबली तेव्हा दोरसामी घामाने निथळत होता. डॉक्टरीणबाई लेकीच्या वयाची होती. तिच्याही डोळ्यांखाली काळं आलं होतं. सकाळपासून ती खुर्चीत टेकलेली नसावी. तिने लघवीची बाटली उजेडाकडे धरली.

"काका, हा चहा आहे का?"

दोरसामीने चादर गळ्यापर्यंत ओढली.

"आज सकाळपासून पाणी किती प्यायलात?"

"प्यायलो की."

"किती?"

तो छताकडे बघत राहिला. सकीउसा कोपऱ्यातून म्हणाला, "थेंब नाही. खोटं बोलतोय."

"दुसरा खडा आहे," ती म्हणाली. "छोटा आहे, पडेल बहुतेक. पण हे असंच चाललं तर तिसरा होईल, चौथा होईल, आणि एक दिवस मूत्रपिंडच बंद पडेल. मग मशीनवर यावं लागेल. तुमच्या वॉर्डातले ते पलीकडचे गृहस्थ बघा." तिने मान वळवून दाखवलं नाही, पण दोरसामीने पाहिलं. पलीकडच्या खाटेवर त्याच्याच वयाचा, त्याच्याच रंगाचा, सुजल्या पायांचा माणूस भिंतीकडे तोंड करून पडला होता. "मी काही कठीण सांगत नाहीये, काका. पाणी आहे ते."

कठीण नाही हेच तर त्याला लागलं. कठीण काही असतं, पैसे लागणारं, विमानाने जावं लागणारं, तर जमलं नाही म्हणून सांगता आलं असतं.

परतताना सकीउसाच्या ट्रकमध्ये त्याने त्याला बजावलं, "इंद्राला कळता कामा नये. तुझ्या बायकोला, लितियालाही सांगून ठेव. बायकांचं फोनवर बोलणं होतं."

"का पण?"

"ती उठून येईल. लेकीचं कसं होईल मग? दोन पोरं, नवरा रात्रपाळीचा."

सकीउसाने करकचून गिअर टाकला. मग म्हणाला, "तू गाढव आहेस," आणि विषय सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला तेव्हा दोरसामी भिंतीला धरून ओट्यापर्यंत आला होता.

"पाणी प्यायलात का?"

"प्यायलो."

"आवाज असा काय येतोय?"

"आत्ताच उठलोय. पोरं कशी आहेत?"

चार दिवस त्याने नेमाने पाणी प्यायलं. भीतीने प्यायलं. खडा पडला, भीती गेली, आणि तो पुन्हा रांगेत जाऊन बसला. रांगेत तहान लागली की तो जीभ टाळूला लावून बसायचा. आपण डॉक्टरीणबाईंना फसवतोय, की इंद्राला, की त्या पलीकडच्या खाटेवरच्या माणसाला, याचा विचार करायचंही त्याच्या अंगात त्राण नव्हतं. रांग हलली की गिअर टाकायचा, थांबली की ब्रेक दाबायचा.

मग एका सकाळी फोन वाजलाच नाही.

पहिल्यांदा त्याला बरं वाटलं. खोटं न बोलता चहा पिता आला. दुसऱ्या दिवशीही वाजला नाही तेव्हा त्याने फोनला चार्जिंग आहे ना ते पाहिलं. तिसऱ्या दिवशी चहा कपात ओतून तो तसाच ठेवून त्याने स्वतः फोन लावला. बराच वेळ वाजून फोन उचलला तो शालेश्नीने, त्याच्या लेकीने. मागे दोन्ही पोरं एका सुरात रडत होती.

"आई कुठाय?"

"बाबा, मी करणारच होते तुम्हाला फोन."

"आई कुठाय, शालू?"

"हॉस्पिटलमध्ये. घाबरू नका. आता ताप उतरलाय. लघवीचं इन्फेक्शन होतं, ते वर किडनीपर्यंत गेलं. परवा थंडी वाजून पडलीच एकदम, बाळाला खाली ठेवलं आणि पडली." ती रडायला लागली. "बाबा, ती पाणीच पीत नव्हती. मला कळलंच नाही. डॉक्टर म्हणाले, अंगात पाणीच नाही."

दोरसामीला वाटलं आपण चुकीचं ऐकतोय. "ती? ती तर मला रोज विचारते."

"तेच तर!"

"का नाही पीत?"

शालेश्नी नाक ओढत थांबली. "आता सांगितलं तिने, सलाइन लावल्यावर. आमचं घर केवढं, तुम्हाला माहितीये. आश्नील सकाळी कामावरून येऊन झोपतो, आणि बाथरूम त्याच्या खोलीला लागून. तिला वाटायचं, फ्लश केला की जावई उठेल. आणि पोरं... ती म्हणते, एकाला खाली ठेवलं की रडतं, रडलं की दुसरं उठतं, मग जायचं कधी? म्हणून प्यायचीच नाही. कमी प्यायलं की कमी जावं लागतं. मला एका शब्दाने बोलली नाही, बाबा."

दोरसामीने फोन ठेवला. ओट्यावरचा चहा गार झाला होता. बाहेर सकीउसाने ट्रक सुरू करून दोनदा भोंगा वाजवला, मग आत डोकावला.

"निघायचं ना?"

"इंद्रा इस्पितळात आहे."

सकीउसा आत येऊन खुर्चीत बसला. दोरसामीने त्याला सगळं सांगितलं, आणि सांगता सांगता त्याला राग आला. कुणाचा ते त्याला नीट कळेना. जावयाचा म्हणावा तर तो बिचारा रात्रभर गोदामात खोकी उचलतो. लेकीचा म्हणावा तर तिला स्वतःचे केस विंचरायला फुरसत नाही. "मला विचारायची रोज!" तो म्हणाला. "रोज! आणि स्वतः काय करत होती? मी ट्रकच्या रांगेत अडकलोय. तिला घरात, लेकीच्या घरात, मुतायला जायची चोरी?"

"आता ओरडून उपयोग काय, दादा."

"मी जाऊ तरी कसा? व्हिसा कोण देतंय, हंगाम कोण सांभाळतंय?"

त्या दिवशीही ते ऊस घेऊन गेले. दुसरं करणार काय.

इंद्रावती घरी आली त्या सकाळी त्यानेच फोन लावला. तिचा आवाज विरलेल्या कापडासारखा येत होता. तब्येतीचं बोलणं झालं, औषधांचं झालं, जावयाने आठवडाभराची रजा घेतलीय ते झालं. मग दोरसामीने घसा खाकरला.

"पाणी प्यायलीस का?"

"प्यायले." इतक्या झटकन म्हणाली ती, की दोरसामीला आपलाच आवाज ऐकू आल्यासारखा वाटला.

"इंद्रा."

"काय?"

"खरं सांग."

मग ती म्हणाली, "तुम्ही प्यायलात का? खरं सांगा."

त्याच्या हातात कप होता. त्याने तो खाली ठेवला. "नाही. तू गेल्यापासून नाही प्यायलो. मधे चार दिवस सोडले तर."

"माहितीये मला."

"काय माहितीये?"

"अहो, फोनवर चहा फुंकल्याचं ऐकू येतं. पहिल्या दिवसापासून येतंय."

दोरसामी ओशाळून हसला. मग त्याला नवल वाटलं. "मग रोज विचारत का होतीस?"

"मग काय विचारू? एकटं वाटतं का, विचारू? जेवताना समोर कोण बसतं, विचारू? सांगितलं असतं तुम्ही?" तिला धाप लागली, ती थांबली. "पाण्याचं विचारता येतं. विचारलं की बरं वाटायचं."

मग तो म्हणाला, "ऑगस्टमध्ये खडा झाला होता पुन्हा."

"तेही माहितीये. लितियाने सांगितलं."

"मग आली का नाहीस?"

"तिकीट बघितलं होतं," ती म्हणाली. "मग शालूचा चेहरा बघितला."

दोरसामीने ओट्यावरचा कप लांब सरकवला. मग इंद्रावतीच म्हणाली, "पेला घ्या. मीही घेते. फोन कानाला ठेवूनच प्यायचं, आवाज ऐकू आला पाहिजे. चहाचा नाही, पाण्याचा."

"आत्ता?"

"नाहीतर कधी, पुढच्या हंगामात?"

त्याने माठातून... माठ कसला, प्लास्टिकचा पिंप होता तो, छपरावरून टाकीत आणि टाकीतून पिंपात आलेलं पावसाचं पाणी. त्याने पेला बुडवला. पाण्याला थोडा पत्र्याचा वास होता. तो प्यायला. फोनमधून तिचे घोट ऐकू येत होते, बारीक बारीक, मधे थांबून. मध्येच तिला ठसका लागला आणि पोर रडायला लागलं.

"झालं?" त्याने विचारलं.

"अर्धा झाला. उरलेला तुमचा चहा होईपर्यंत पिते. आणि ऐका, बाथरूमला जाऊन येईन मग. शालूने सांगितलंय जावयांना."

"काय म्हणाला तो?"

"म्हणाले, आई, मी झोपलो की छप्पर कोसळलं तरी उठत नाही, तुमचा फ्लश काय घेऊन बसलात." ती पहिल्यांदाच हसली. "सहा महिने उगाच मेले मी."

अशी सुरुवात झाली, पण गाडी लगेच रुळावर आली असं नाही. दुसऱ्या दिवशी दोरसामीला पाणी पिऊन उलटी झाली. तिसऱ्या दिवशी तो उशिरा उठला आणि फोनच घेतला नाही. त्याबद्दल इंद्रावतीने त्याला असं झापलं की शेजारी लितियाला ऐकू गेलं. पोटात ग्रोगचा गाळ असला की पाणी टिकत नाही हे त्याच्या लक्षात आलं, तेव्हा त्याने संध्याकाळच्या करवंट्या कमी केल्या. सोडल्या नाहीत. सोडल्या असत्या तर सकीउसाच्या पडवीत बसायला निमित्त काय उरलं असतं? पण भरली करवंटी समोर आली की तो अर्धीच करायला सांगे, आणि सगळे त्याच्यावर तुटून पडत.

"बायकोने तिकडून लगाम खेचला वाटतं!"

"समुद्रापलीकडून! लांब लगाम आहे बुवा!"

"माझी शेजारच्या खोलीत असते तरी मी ऐकत नाही तिचं."

"म्हणून तर तू इथे येऊन बसतोस रोज," दोरसामी म्हणाला, आणि हशा झाला.

रांगेतली अडचण मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. सकाळी पाणी प्यायलं की मध्यान्हीच्या आत जावंच लागे. पहिल्या आठवड्यात तो दात आवळून बसला. मग एक दिवस सकीउसाने त्याची चुळबुळ पाहिली आणि आपल्या ट्रकमधून उतरून सरळ त्याच्या खिडकीशी आला.

"जा."

"रांग हलेल."

"हलू दे. मी दोन्ही सरकवतो. माझा सरकवून तुझ्यात उडी मारतो. जा म्हटलं ना, सीट ओली करशील."

"कुठे जाऊ?"

सकीउसाने पुढच्या वळणावरच्या घराकडे बोट केलं. तिथली म्हातारी त्याच्या चर्चमधली होती. तिच्या परसात पत्र्याचा संडास होता. त्याने आधीच विचारून ठेवलं होतं. म्हातारीने दोरसामीला पाहून एवढंच म्हटलं, "दार नीट लावून घे, कोंबड्या शिरतात." परत आल्यावर मागच्या ट्रकवाल्याने भोंगा वाजवून त्याची आरती ओवाळली, पण कुणी पुढे घुसलं नाही. दोनेक आठवड्यांनी त्याच ट्रकवाल्याने त्याला खिडकीतून विचारलं, "काका, ती म्हातारी मलाही जाऊ देईल का?"

हंगाम संपत आला तशी सकाळ थोडी बदलली होती. फार नाही. कंबर तशीच होती, घर तसंच रिकामं होतं. कधी इंद्रावतीचा फोन यायचा, कधी त्याचा जायचा, कधी दोन्हीकडून जमायचं नाही. आता तो फोनची वाट न बघता उठल्या उठल्या पेला बुडवायचा. त्यात काही आनंद नव्हता. दाढी करावी, दार लोटावं, तसं ते काम. डॉक्टरीणबाईंनी नोव्हेंबरात तपासून सांगितलं की मूत्रपिंडं आहेत तशी आहेत, सुधारली नाहीत, बिघडलीही नाहीत. "आता हेच चालू ठेवा, काका. याहून चांगली बातमी मला आज दुसऱ्या कुणाला देता आलेली नाही."

इंद्रावती डिसेंबरात यायची होती, ती लांबली. शालेश्नीला नोकरीवर परत बोलावलं. मग जानेवारी गेला. एका सकाळी पाणी पिऊन झाल्यावर दोरसामी एकदम म्हणाला, "ये आता. पुरे झालं."

त्याने आजवर असं म्हटलं नव्हतं. पलीकडून पोराच्या श्वासाची घरघर ऐकू आली.

"येते," ती म्हणाली.

ती मार्चमध्ये आली, सुवाहून येणाऱ्या छोट्या विमानाने. दोरसामी आणि सकीउसा तिला घ्यायला गेले. शिडीवरून ती उतरली तेव्हा क्षणभर दोरसामीने तिला ओळखलं नाही. केस निम्म्याहून पांढरे झाले होते, ब्लाऊजच्या बाह्या दंडावर लोंबत होत्या. तिने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"बारीक झालात."

"तूच बारीक झालीस."

"दोघंही उंदरासारखी दिसताय," सकीउसा म्हणाला आणि तिची बॅग उचलून चालू लागला. "चला, लितियाने मासे केलेत."

लितियाच्या घरी जेवण झालं, शेजारणी येऊन गेल्या, जुळ्यांचे फोटो फोनवरून सगळ्यांच्या हातून फिरले. अंधार पडायच्या आतच इंद्रावतीचे डोळे मिटायला लागले. घरी येऊन ती आपल्या खाटेवर, आपल्या उशीवर, चप्पलही न काढता आडवी झाली. चपला दोरसामीने काढल्या.

सकाळी तो नेहमीच्या वेळेला उठला. हंगाम नव्हता, ट्रक बाहेर निवांत उभा होता, रात्री पाऊस होऊन गेल्याने पत्रा अजून टपटपत होता. त्याने पिंपातून पेला भरला आणि खिडकीशी उभा राहून प्यायला. मग दुसरा पेला भरून तो खोलीच्या दारापर्यंत आला.

इंद्रावती कुशीवर झोपली होती. तोंड किंचित उघडं, एक हात बाजूला पसरलेला, आणि त्या हाताची बोटं झोपेतही कुणालातरी थोपटल्यासारखी मधूनच हलत होती. तो दारात बराच वेळ उभा राहिला. तिला उठवायला हवं, चहाच्या आधी पाणी द्यायला हवं, इतक्या महिन्यांचा नेम आहे.

तेवढ्यात बाहेरून लितियाची हाक आली, "उठलीस का ग इंद्रा?"

दोरसामी पेला घेऊन लगबगीने दारापाशी गेला आणि ओठांवर बोट ठेवलं.

"झोपू दे," तो हलक्या आवाजात म्हणाला. "आज नाही उठवत तिला. जाग येईल तेव्हा पिईल."

इंद्रावती दुपारपर्यंत झोपली.